खेळातली गोळी आणि गावातला दगड

५ फेब्रुवारी २०२० रोजी मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्याच्या मनावर तालुक्यात, बोरलाई गावी, जमावाने काही माणसांना घेरून दगडांनी आणि काठ्यांनी मारलं. ती माणसं शेतकरी होती. कामाला येतो म्हणून उचल घेतलेले मजूर फिरकले नाहीत, तेव्हा पैसे परत मागायला ती त्या भागात आली होती. 'मुलं पळवणारी टोळी आली' अशी आवई उठली आणि तिने त्यांना गाठलं. एकाचा जीव गेला, बाकीचे जबर जखमी झाले. पुढे अटका झाल्या, पोलिसांची निलंबनं झाली, वर्तमानपत्रांतून दोन-चार दिवस बातम्या आल्या. त्या मारहाणीचे व्हिडिओ मात्र लगोलग मोबाइलवरून फिरले. कुणी मारलं, पोलीस कुठे होते, आवई कुणी उठवली, हे सगळे प्रश्न विचारले गेले आणि ते विचारायलाच हवे होते. एक प्रश्न तेवढा राहून गेला. ज्या मुलांच्या काळजीपोटी हा जमाव धावला म्हणतात, त्या वयाच्या किती मुलांनी ते व्हिडिओ पाहिले, आणि त्यांच्या मनात त्यातलं काय उतरलं?

हा प्रश्न एकट्या धारचा नाही. धुळ्यावरून जाणारा मुंबई-आग्रा महामार्ग सेंधव्यावरून धार जिल्ह्यातल्या खलघाट-धामणोदला येतो आणि इंदूर ओलांडून देवासला पोचतो. या रस्त्याच्या दोन्ही अंगांना नातीगोती आहेत, मजुरी आहे, बाजार आहे, आणि आता व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुपही आहेत. मनावरच्या घटनेआधी दीड वर्ष, १ जुलै २०१८ ला, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात याच आवईने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांचा बळी घेतला होता. त्या काळात देशभर फिरलेल्या व्हिडिओंपैकी एक कराचीत बालसुरक्षेच्या जनजागृतीसाठी बनवलेला होता. हे नाट्य आहे, असा शेवटचा खुलासा तेवढा कापून टाकलेला होता. दुसऱ्या एका संदेशात सीरियातल्या २०१३ च्या रासायनिक हल्ल्यात मेलेल्या मुलांची दृश्यं होती, आणि खाली लिहिलं होतं की अवयव काढून ही मुलं फेकून दिली. मुलांना वाचवा, असं सांगणारा संदेश मेलेल्या मुलांची चित्रं घेऊन घराघरांत शिरला, आणि तो शिरला तेव्हा घरात मुलं होती.

मुलं आणि हिंसक माध्यमं हा विषय निघाला की आपली चर्चा ठरलेल्या वाटेने जाते. आधी व्हिडिओ गेम, मग सिनेमा, मग वेब सीरिज, आणि शेवटी बंदीची मागणी. २०१९ मध्ये मुंबईतल्या अकरा वर्षांच्या एका मुलाने आईमार्फत पबजीवर बंदी घाला म्हणून उच्च न्यायालयात याचिका केली, तेव्हा तिची मोठी बातमी झाली. २ सप्टेंबर २०२० रोजी खरोखरच बंदी आली, पण ती मुलांसाठी नव्हती. चीनशी सीमेवर ताण असताना देशाच्या सुरक्षेचं कारण देऊन इतर शंभरावर अ‍ॅपसोबत पबजी गेला आणि पुढच्याच वर्षी नव्या नावाने परत आला. या चर्चेत मी गेम बनवणाऱ्यांची वकिली करणार नाही. पण पुरावा काय सांगतो ते नीट पाहिलं, तर आपली काळजी चुकीच्या दाराशी जास्त वेळ उभी आहे असं दिसतं.

पुरावा सरळ एका बाजूचा नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये आपला आधीचा ठराव सुधारला. हिंसक गेमचा ओरडणं, ढकलाढकली अशा आक्रमक वागण्याशी लहानसा पण वारंवार आढळणारा संबंध आहे, जीवघेण्या हिंसेशी तो जोडायला मात्र पुरेसा पुरावा नाही, असं तिने स्पष्ट केलं. २०१८ मध्ये २४ अभ्यासांचा आणि १७ हजारांहून अधिक मुलांचा एकत्र आढावा निघाला. हिंसक गेम खेळणाऱ्यांत पुढे मारामारीचं प्रमाण थोडं वाढतं, असं त्यात आढळलं. त्याच्या पुढच्याच वर्षी ऑक्सफर्डच्या संशोधकांनी सुमारे हजार ब्रिटिश किशोरवयीनांचा अभ्यास केला, तर त्यांना असा काही संबंधच दिसला नाही. प्रामाणिकपणे वाचलं तर एवढंच हाती लागतं की रचलेल्या हिंसेचा परिणाम आहे, पण तो लहान आहे, मुलागणिक बदलणारा आहे, आणि खेळ खेळून कुणी खुनी होतं असं म्हणायला आधार नाही. जे पालक एवढ्यावर सुटकेचा श्वास सोडतील त्यांना मात्र थांबवायला हवं. हे बहुतेक सगळं संशोधन रचलेल्या हिंसेबद्दल आहे. आपल्या मुलांपुढे येणारी हिंसा आता मोठ्या प्रमाणावर खरी आहे.

असा व्हिडिओ एकदा मुलाच्या जागी बसून पाहायला हवा. चित्र हलत असतं, कारण फोन गर्दीच्या डोक्यांवर उंच धरलेला असतो. मारणाऱ्यांचे चेहरे उघडे असतात, त्यांना लपायची गरज वाटत नाही. मागून आवाज येतात, 'आणखी मार', 'इकडे घे'. मार खाणारा हात जोडून काहीतरी सांगत असतो, ते ऐकू येत नाही. जो चित्रण करतो तो थांबवत नाही. मग व्हिडिओ मध्येच संपतो. माणूस जगला की मेला, मारणारे पकडले गेले का, त्याच्या घरी काय झालं, यातलं काहीही त्या चाळीस-पन्नास सेकंदांत नसतं. खाली कुणीतरी संतापलेला चेहरा टाकलेला असतो, कुणी अंगठा. त्यानंतर त्याच ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात.

अल्बर्ट बांडुरा यांचं नाव या विषयात हटकून घेतलं जातं. १९६१ मध्ये स्टॅनफर्डला त्यांनी ७२ लहान मुलांवर प्रयोग केला. मोठं माणूस फुगवलेल्या बाहुलीला बडवताना ज्यांनी पाहिलं, ती मुलंही तसंच करू लागली. बाहुली बडवण्यासाठीच बनवलेली होती, मग त्यातून काय सिद्ध होतं, हा आक्षेप रास्त आहे. पण त्यांचा १९६५ चा पुढचा प्रयोग आपल्या कामाचा आहे, आणि तो कमी सांगितला जातो. त्यात मुलांना चित्रपटाचे तीन वेगवेगळे शेवट दाखवले. एकात मारणाऱ्याला बक्षीस मिळतं, दुसऱ्यात शिक्षा होते, तिसऱ्यात काहीच होत नाही. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी सगळ्यांत कमी नक्कल केली. 'काहीच होत नाही' हा शेवट पाहिलेली मुलं मात्र बक्षीस पाहिलेल्यांच्या जवळपास होती. मुलाच्या लेखी काही न होणं म्हणजे मोकळीक. गर्दीच्या मारहाणीचा प्रत्येक व्हिडिओ नेमका या तिसऱ्या शेवटाचा असतो. खटला वर्षांनी उभा राहतो, निकाल त्याहून उशिरा लागतो, आणि तो कुणी फॉरवर्ड करत नाही.

नक्कल हा परिणामाचा एक भाग झाला, आणि माझ्या मते तो लहान भाग आहे. मोठा भाग भीतीचा आहे. जोॲन कँटर या अमेरिकी संशोधिकेने मुलांच्या भीतीचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यातून एक गोष्ट पक्की झाली की अगदी लहान मुलं भयंकर रूपाला घाबरतात, राक्षसाला, भुताला. सात-आठ वर्षांनंतर रूपाची भीती ओसरते आणि 'हे खरंच होऊ शकतं' याची भीती वाढते. म्हणजे दहा-बारा वर्षांच्या मुलाला सिनेमातलं रक्त जितकं घाबरवत नाही तितका शेजारच्या तालुक्यातला दगड घाबरवतो. १९९५ च्या ओक्लाहोमा शहरातल्या बाँबस्फोटानंतर तिथल्या शाळकरी मुलांची पाहणी झाली. ज्यांचं कुणी गेलं नव्हतं आणि जी जवळपासही नव्हती, त्यांच्यातही टीव्हीवर ती दृश्यं किती पाहिली यानुसार मानसिक आघाताची लक्षणं कमी-जास्त होती. मोठ्यांचीही गत वेगळी नाही. २०१३ च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या स्फोटांनंतर त्या आठवड्यात रोज सहा-सहा तास बातम्या पाहणाऱ्यांना जितका ताण जाणवला, तितका प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्यांनाही सरासरीने जाणवला नव्हता. मग ज्याला अंतर कळत नाही, जुनं-नवं कळत नाही, विचारावं कुणाला तेही कळत नाही, त्या पोराचं काय होत असेल? त्याची झोप बिघडते, अनोळखी माणूस दिसला की अंग चोरलं जातं. शिवाय अनोळखी माणूस म्हणजे शत्रू, हा धडा त्याला न शिकवता मिळतो. पुढच्या आवईला लागणारी माणसं अशीच तयार होतात.

यात आणखी एक बाजू आहे, आणि ती शहरातल्या चर्चेत फार कमी येते. हे व्हिडिओ सगळ्या मुलांना सारखे लागत नाहीत. २०२१ मध्ये धार जिल्ह्यातच दोन आदिवासी मुलींना फोनवर नातेवाइकांशी बोलल्याच्या रागातून घरच्या माणसांनी भरगावात मारलं, आणि त्याचा व्हिडिओ देशभर फिरला. दिल्ली-मुंबईच्या प्रेक्षकासाठी ती संतापाची बातमी होती. त्याच भागातल्या चौदा वर्षांच्या मुलीसाठी ती ताकीद होती. फोनवर बोललीस तर असं होतं, हे तिला कुणी तोंडाने सांगायची गरजच उरली नाही. राईनपाड्यानंतर भटक्या जमातीच्या मुलाने तिथल्या मारहाणीचा व्हिडिओ पाहिला असेल, तर आपल्या बापाला परक्या गावात काय होऊ शकतं, हे त्याने पाहिलं. हिंसक माध्यमांचा मुलांवर परिणाम मोजताना आपण नेहमी विचारतो, हा मुलगा मारेल का? मार खाणाऱ्यांच्या घरातली मुलंही पाहतात, आणि त्यांच्याबद्दल हा प्रश्न काहीच विचारत नाही.

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला आक्षेप आपल्या घरातलाच आहे आणि तो वजनदार आहे. आपल्या गोष्टी काय कमी हिंसक आहेत? नृसिंहाने हिरण्यकशिपूचं पोट फाडलं, भीमाने जरासंधाला उभा चिरला, महाराजांनी अफझलखानाचा कोथळा काढला. पिढ्यान्पिढ्या मुलं हे ऐकत आली आणि बिघडली नाहीत. देवासच्या टेकडीवर चामुंडा आणि तुळजाभवानी आहेत, त्यांच्या कथा रक्ताच्याच आहेत. माळव्यात तर मरण मुलांपासून कधी लपवलेलं नव्हतं. कुमार गंधर्व देवासला येऊन राहिले आणि ज्या निर्गुणी भजनांनी त्यांना धरून ठेवलं, ती भजनं या भागातल्या मंडळ्या रात्र-रात्र गातात. देह जाणार, हंस उडणार, हा त्यांचा विषय, आणि ऐकणाऱ्यांत आईच्या मांडीवरची पोरंही असतात. हे सगळं खरं आहे, आणि म्हणूनच फरक नीट दिसतो. या कथांना सांगणारा असतो. कीर्तनकार थांबतो, कारण सांगतो, पोर घाबरलं तर जवळचं माणूस त्याला ओढून घेतं. महाभारतात युद्धानंतर स्त्रीपर्व येतं, गांधारी आणि कुरुकुळातल्या बायका रणावर प्रेतं ओळखत फिरतात. विजयाची किंमत सांगितल्याशिवाय व्यास कथा पुढे नेत नाहीत. अफझलखानाची कबर प्रतापगडाजवळ आहे, हेही गोष्टीबरोबरच सांगितलं जात आलं. कथेतल्या हिंसेला आगापिछा असतो आणि सोबत माणूस असतो. फोनवरच्या मारहाणीला यातलं एकही नसतं.

दुसरा आक्षेप असा की व्हिडिओ निघतात म्हणून तर न्याय होतो. धारच्या त्या मुलींच्या बाबतीत व्हिडिओ बाहेर आला आणि मग अटका झाल्या. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करते. चित्रण हा पुरावा आहे, आणि दुबळ्याच्या हातात तो एकमेव पुरावाही असू शकतो. पण पुराव्याची जागा पोलीस ठाणं, न्यायालय आणि जबाबदार पत्रकार ही आहे. दोनशे जणांच्या सोसायटीच्या, समाजाच्या किंवा शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर तो टाकल्याने तपासाला काडीची मदत होत नाही. मार खाणाऱ्याची अब्रू तेवढी पुन्हापुन्हा जाते. वृत्तवाहिन्यांनीही हेच केलं आहे. माहिती व प्रसारण मंत्रालयाला ९ जानेवारी २०२३ रोजी वाहिन्यांना लेखी समज द्यावी लागली. तिच्यातल्या उदाहरणांत पाटण्यातल्या शिकवणीत पाच वर्षांच्या मुलाला शिक्षकाने केलेल्या अमानुष मारहाणीचं दृश्यही होतं. ते दृश्य आवाजासकट दाखवलं गेलं होतं, आणि ही दृश्यं घरात म्हातारी माणसं, बायका, मुलं सगळी मिळून पाहतात, याची आठवण मंत्रालयाने करून दिली होती.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. पडद्यावरच्या हिंसेची एवढी काळजी, मग घरातल्या हिंसेचं काय? केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये तेरा राज्यांतल्या पाहणीचा अहवाल दिला, त्यात तीनपैकी दोन मुलांनी मार खाल्ल्याचं सांगितलं. शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेत मारायला बंदी आहे, तरी छडी गेली आहे असं कुणी छातीठोकपणे म्हणणार नाही. खरंच आहे, ज्या मुलाला रोज मार बसतो त्याच्यावर व्हिडिओपेक्षा त्या माराचा परिणाम मोठा. पण म्हणून व्हिडिओ क्षुल्लक ठरत नाही. घरात मार खाल्लेल्या मुलाला तो सांगतो की बाहेरचं जगही असंच आहे, सुटायला जागा नाही. दोन्ही हिंसांचं मूळ एकच, चुकलेल्याला किंवा परक्याला मारणं हा मोठ्यांचा हक्क आहे अशी समजूत. एकीशी लढताना दुसरीला सोडून देता येणार नाही.

कायद्याने काय होईल? थोडंच. २०२१ च्या नियमांनी ओटीटीवरच्या कार्यक्रमांना ७, १३ आणि १६ वर्षांची वर्गवारी आणि कुलूप दिलं. २०२३ च्या दुरुस्तीने सिनेमाच्या प्रमाणपत्रातही हेच टप्पे आणले. चांगलंच झालं. पण मामाने पाठवलेल्या व्हिडिओला प्रमाणपत्र नसतं. २०१८ च्या हत्यांनंतर व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी १७ जुलैच्या निकालात जमाव भडकवणारे संदेश आणि व्हिडिओ रोखण्याची जबाबदारी सरकारांवर टाकली. त्यापुढे सरकारला प्रत्येक खासगी संदेश उघडून बघू द्यावा, असं मी म्हणणार नाही. त्या औषधाचा त्रास आजाराहून मोठा होईल. इथे कामाची आकडेवारी वेगळीच आहे. २०२४ च्या 'असर' या शिक्षणविषयक पाहणीनुसार ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वर्षांच्या सुमारे ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो, आणि त्यातल्या ७६ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात समाजमाध्यमं पाहिली होती. स्वतःचा फोन मात्र त्यांच्यातल्या निम्म्यांकडेही नाही. म्हणजे बहुतेक मुलं आईचा, बापाचा, काकाचा फोन पाहतात. त्या फोनमध्ये काय यावं, काय राहावं आणि पुढे काय जावं, हे मोठी माणसंच ठरवत असतात.

आणि ते ठरवण्याने फरक पडतो, हेही तपासलेलं आहे. २०१३ मध्ये सिअ‍ॅटलमधल्या संशोधकांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांची ५६५ कुटुंबं घेतली. निम्म्या कुटुंबांना त्यांनी टीव्ही कमी करा असं सांगितलंच नाही. मारामारीच्या कार्यक्रमांच्या जागी सहकार्य, मदत, शिकणं दाखवणारे कार्यक्रम लावा आणि जमेल तेव्हा मुलासोबत बसून पाहा, एवढंच सांगितलं. सहा महिन्यांनी त्या मुलांचं वागणं मोजून सुधारलेलं होतं, आणि सर्वाधिक फायदा गरीब घरातल्या मुलग्यांना झाला होता. आपल्याकडे पर्यायांची वानवा नाही. एकलव्य ही संस्था १९८५ पासून मुलांसाठी 'चकमक' मासिक काढते. देवासला तिचं केंद्र होतं, तिथे तिने विज्ञानशिक्षणाबरोबर कबीर गाणाऱ्या मंडळ्यांनाही एकत्र आणलं होतं. पितृपक्षात भिंतीवर शेणाची संजा मांडून गाणाऱ्या मुली माळव्यात अजून आहेत. मराठी घरांत पुस्तकं आहेत, गणेशोत्सवातली मुलांची नाटकं आहेत. मुलाच्या हातून फोन नुसता ओढून घेतला की पोकळी राहते, आणि ती पुन्हा फोननेच भरते.

म्हणून मागणी सरकारआधी आपल्याकडे आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला व्हिडिओ आपोआप गॅलरीत उतरणार नाही अशी सोय फोनमध्ये आहे, ती आजच चालू करा. गावाच्या, समाजाच्या, सोसायटीच्या ग्रुपचे जे अ‍ॅडमिन आहेत त्यांनी मारहाणीचा आणि प्रेतांचा व्हिडिओ तिथे राहू देऊ नये, टाकणारा कितीही मानाचा असो. मुलाने असं काही पाहिलंच असेल तर त्याला दटावू नका. काय पाहिलं ते विचारा, पुढे त्या माणसांचं काय झालं ते शोधून सांगा, आणि मारणारे चुकले हे स्पष्ट शब्दांत सांगा. शिक्षकांनी वर्गात हा विषय टाळू नये. आणि समोर कुणाला मारहाण होत असेल, तर फोन वर धरण्याआधी ११२ लावा. चित्रण झालंच तर ते पोलिसांना द्या, आणि दुसऱ्या कुणालाही पाठवू नका.